जुन्या विमान-इंजिनांच्या जतनाकडे वळणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

आयटीआय किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर जुन्या विमानांच्या जतनाचे काम करता येईल का, असे सोलापुरातील विद्यार्थी मला विचारतात. अवश्य करता येईल. सुरुवात बंगळुरूच्या एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, विमाने बनवणारी सरकारी कंपनी) संग्रहालयापासून करावी; उद्यान एक्सप्रेस सोलापूरहून थेट जाते, आणि ज्या कंपनीतून पुढे एचएएल उभी राहिली ती हिंदुस्थान एअरक्राफ्ट 1940 साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे 1882 मध्ये सोलापुरातच जन्मले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

तेथे विमानांपेक्षा इंजिनांना अधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. 1961 साली प्रथम उडालेले मरुत हे एचएएलचे लढाऊ जेट विमान सगळेच पाहतात; त्याच्या ऑर्फियस इंजिनाकडे मात्र थोडेच लक्ष देतात. हवा दाबणारा सात टप्प्यांचा कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारी एका टप्प्याची टर्बाइन यांना जोडणारा त्याचा शाफ्ट मोठ्या व्यासाचा, पातळ भिंतीचा आणि पोकळ आहे; त्यामुळे तो पुरेसा ताठ राहतो, मधले बेअरिंग लागत नाही आणि इंजिनाचे वजन घटते. पोकळ शाफ्टचे जे गणित आपण परीक्षेपुरते सोडवतो, ते येथे डोळ्यांसमोर उभे असते.

पिस्टन इंजिनांचेही तसेच आहे. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या विमानाचे, म्हणजे वापिटीचे, ज्युपिटर इंजिन नऊ सिलिंडरांचे होते, कारण चार स्ट्रोकच्या रेडियल इंजिनात, म्हणजे शाफ्टभोवती वर्तुळात सिलिंडर मांडलेल्या इंजिनात, सिलिंडर एकाआड एक पेटत जातात आणि 1, 3, 5, 7, 9, 2, 4, 6, 8 हा अखंड क्रम विषम संख्येतच जुळतो. अशा इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचते, म्हणून खालचे प्लग काढल्याशिवाय ते कधीही जोर लावून फिरवू नये.

नवख्याला घासूनपुसून, रंग देऊन वस्तू चकचकीत करण्याची घाई असते, पण त्यात तपासणीचे शिक्के आणि मूळ रंगाचे थर कायमचे जातात. आधी छायाचित्र, मग मापे, मग नोंद, आणि त्यानंतरच हात. मॅग्नेशियमच्या भागावर पांढरी भुकटी, म्हणजे त्याचा गंज, दिसली, तर तेथे पोलादी बोल्ट टेकलेला आहे का आणि ओल कोठून येते, हे शोधावे. अंधारात चमकण्यासाठी रंगवलेल्या जुन्या डायलमध्ये किरणोत्सर्गी रेडियम असू शकते. त्याची काच उघडू नये.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकता येते, परंतु त्याआधी हात तयार हवा. जुन्या ब्रिटिश इंजिनांच्या नटांना मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत आणि नटाचे कोपरे झिजतात. विटवर्थचा (जुन्या ब्रिटिश इंची मापाचा) पाना निवडणे आणि अडकलेला नट तेल मुरू देऊन न तोडता सोडवणे, हे विलायती यंत्रांवर हयात घालवलेल्या, सूतात (इंचाच्या आठव्या भागात) मापे सांगणाऱ्या मिस्त्रींकडूनच शिकावे. मग एखाद्या जुन्या डिझेल इंजिनाची पूर्ण नोंद स्वतः तयार करावी आणि संग्रहालयाकडे कामाची परवानगी मागताना ती अर्जासोबत जोडावी.