स्वतःला टाळणाऱ्या वाटा आणि विद्युतवहन: या चुका टाळा

नाशिकमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हा विषय घेऊन दोघं-तिघं तरी माझ्याकडे येतात. चौरस जाळीवर, एकदा गेलेल्या बिंदूवर पुन्हा न येणारी वाट आखायची, म्हणजे सेल्फ-अव्हॉइडिंग वॉक. प्रत्येक पाऊल १ ओहमचा रेझिस्टर धरायचा आणि एकूण रोध काढायचा. प्रोग्रॅम चालतो, आलेख देखणा येतो, उत्तर मात्र चुकलेलं असतं.

सर्वांत मोठी चूक प्रोग्रॅम लिहिण्याआधीच झालेली असते. वाट वळून स्वतःच्याच शेजारी आली, तर तिथून वीज पलीकडे जाणार की नाही, हे कुणी ठरवलेलंच नसतं. गोदाकाठी उभं राहिलं की पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, पण पूल नसेल तर वळसा घालूनच जावं लागतं. इथेही तसंच. पूल नसतील तर १०० पावलांच्या वाटेचा रोध १०० ओहम, सरळ एकसर जोडणी. त्यासाठी संगणक कशाला हवा? खरा विषय पुलांपासून, म्हणजे शेजारी आलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या जादा रेझिस्टरपासून, सुरू होतो. उजवीकडे, वर, डावीकडे अशी तीन पावलं टाका. दोन्ही टोकं शेजारी येतात. पूल नसताना रोध ३ ओहम. १ ओहमचा पूल टाकला की ३ आणि १ समांतर, म्हणजे ०.७५. एम. जी. रोडवरून एक किलोओहमचे चार रेझिस्टर आणून जोडून बघा, मल्टिमीटर ७५० ओहमच्या आसपास दाखवेल. तुमचा प्रोग्रॅम ०.७५ देत नसेल तर पुढे जाऊच नका.

दुसरी चूक वाटा निवडण्यात होते, आणि ती फार फसवी आहे. मोकळ्या शेजाऱ्यांपैकी कुठलाही एक घेत पुढे गेलं, की सगळ्या वाटांना सारखी संधी मिळते असं वाटतं. तसं नसतं. गुंडाळलेल्या वाटेला दर पावलाला पर्याय कमी, म्हणून ती जास्त वेळा निवडली जाते. अशा वाटेत पूलही जास्त, त्यामुळे रोध खोटाच कमी दिसतो. वाट अडकली की एक पाऊल मागे घेऊन दुसरीकडे वळणं हाही असाच पक्षपात. सरासरी काढताना दर पावलाच्या मोकळ्या पर्यायांचा गुणाकार त्या वाटेचं वजन म्हणून धरा. रोझेनब्लुथ पद्धत (१९५५) हीच. मोकळे शेजारी न बघता, फक्त उलटं न फिरता पावलं टाकलीत आणि स्वतःवर धडकलेली वाट सरळ टाकून देत बसलात, तर १०० पावलांची वाट लाखभर प्रयत्नांत जेमतेम एक मिळेल. लांब वाटांसाठी पिव्हट पद्धत घ्या: मधला एक बिंदू निवडून पुढचा भाग फिरवायचा, धडक झाली तर जुनीच वाट पुन्हा मोजायची.

बिंदूंच्या व्होल्टेजची समीकरणं सोडवताना ‘मॅट्रिक्स सिंग्युलर’ (एकच एक उत्तर निघत नाही) अशी एरर आली तर एका बिंदूचं व्होल्टेज शून्य धरायचं राहिलंय, किंवा जाळ्यात सुटी बेटं आहेत. ती आधी काढा.

अनेक वाटा टाकून जाळं केलं असेल, तर वीज पार न गेलेले नमुने गाळू नका. वाहकतेची (१ भागिले रोध) सरासरी घ्या, शून्यं धरून. शिवाय निम्म्याहून जास्त बंध (जोडण्या) असले की जाळं आरपार जोडलं जातं, हा गणितज्ञ केस्टेननं १९८० मध्ये सिद्ध केलेला १/२ चा उंबरठा इथे लावू नका. तो एकेक बंध स्वतंत्रपणे टाकलेल्या जाळीचा आहे, इथे बंध साखळीनं येतात.

शेवटची तपासणी रोधाची नाही, वाटेची. १०० ऐवजी ४०० पावलं घेतली की दोन टोकांमधलं सरासरी अंतर साधारण २.८ पट व्हायला हवं, कारण द्विमितीत हे अंतर पावलांच्या संख्येच्या ३/४ घातानं वाढतं. दुप्पटच झालं, तर तुमची वाट स्वतःला टाळतच नाहीये.