पडलो? आधी फॉर्म २० काढा

तालुकाध्यक्ष म्हणून मी पक्ष तीनदा पडताना पाहिलाय, पण २३ नोव्हेंबर २०२४ सारखा नाही. त्याच वर्षी लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आमच्या महाविकास आघाडीच्या. विधानसभेला तिन्ही पक्ष मिळून ४६! विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने लागणारे २९ आमदार एकाही पक्षाकडे नाहीत.

निकालाच्या आठवड्यात चिंतन बैठक ठेवू नका. हार-तुरे नसतात एवढंच, बाकी भाषणं तीच.

त्याऐवजी फॉर्म २० काढा. कोणत्या मतदान केंद्रावर कुणाला किती मतं, सगळं त्यात असतं. लोकसभेचा आणि विधानसभेचा शेजारी शेजारी ठेवा. केंद्रांचे क्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून शाळेचं नाव आणि खोली बघून जुळवा. दोन रात्री जातात. जाऊ द्या.

आमच्याकडे सगळे म्हणत होते, लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी घात केला. असेल. पण एकाच शाळेतल्या दोन खोल्या घ्या. पैसे दोन्हीकडच्या बायकांना मिळालेले. एका खोलीत आम्ही टिकलो, दुसरीत निम्म्यावर आलो. टिकलो तिथे शिलाईकाम करणारी एक ताई घरोघरी फिरली होती. दुसरीकडचा आमचा बूथप्रमुख दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला! कागदावर मात्र हजर.

तेव्हापासून माझा हिशेब सोपा झाला. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावर बसलेल्या आपल्या माणसाला, फॉर्म १७सी ची प्रत देतो, किती मतं पडली त्याची. तुमच्याकडे अशा किती प्रती जमल्या ते मोजा. तेवढीच तुमची संघटना. सभासद नोंदणीची पावतीपुस्तकं बाजूला ठेवा.

मग मतदार यादी. नवीन नावासाठी फॉर्म ६, दुरुस्तीला ८. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, म्हणजे हे काम वर्षभराचं. कुणाचा दाखला, कुणाची सून नवीन आलेली, यातूनच घरात पाय ठेवता येतो.

गावच्या विकास सोसायटीची, ग्रामपंचायतीची निवडणूक सोडू नका. हरा, पण पॅनल उभं करा. पक्ष सोडून गेलेल्यांच्या मागे मात्र धावू नका, ते वारं बघून येतात.

त्या ताईला मी तालुका कार्यकारिणीत घेतलं. पुण्यातल्या पोराचं नाव अजून बूथ यादीत आहे. वडील जुने कार्यकर्ते, रागावतील म्हणून नाव काढायला माझा हात धजत नाही.