फेक अकाउंटची तक्रार: पोलीस ठाण्यात जाण्याआधी

आपलं नाव, आपलाच फोटो आणि अकाउंट भलत्याचंच. असं काही दिसलं की आधी हात ‘रिपोर्ट’च्या बटणाकडे जातो. तो जरा आवरा, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा’ हेही लगेच टाकू नका. अकाउंट उडालं की समोर दाखवायला काही उरत नाही, आणि तोच माणूस पुढच्या आठवड्यात नव्या नावाने हजर होतो.

आधी पुरावा गोळा करा. क्रॉप केलेला स्क्रीनशॉट फारसा उपयोगाचा नाही. मोबाइल ॲपमध्ये लिंक दिसत नाही, म्हणून तेच प्रोफाइल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि वरची लिंक, खालची तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीन घ्या. लिंक कॉपी करूनच ठेवा. हाताने उतरवली की शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत होते. बऱ्याचदा तुमच्याच युजरनेममध्ये एखादा अंडरस्कोअर वाढवलेला असतो आणि तो पटकन नजरेत भरत नाही. प्रोफाइलपासून मेसेजपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंगही करा. ज्या मावशीला किंवा मित्राला ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा मेसेज गेला, त्यांना त्यांच्या फोनमधलं चॅट डिलीट करू नका म्हणून सांगा. ते तुमचे साक्षीदार आहेत. तुमचा फोनही एवढ्यात विकू किंवा फॉरमॅट करू नका. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागत नाही, स्क्रीनशॉटसारख्या प्रतीला मात्र लागतंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं.

मग अर्ज. एक पान, तारखेच्या क्रमाने. इथेच लोक अडकतात, कारण विषयात ‘माझी बदनामी’ असं लिहितात. बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यावर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, हातात ठेवून तुम्हाला घरी पाठवता येतं. म्हणून काय घडलं ते लिहा: माझा फोटो उचलला, माझ्या नावाने खातं काढलं, त्या नावाने पैसे मागितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६डी (तोतयेगिरी करून फसवणं) ही कलमं दखलपात्र आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. एखादा पुरुष बाईचा ऑनलाइन पिच्छा सोडत नसेल तर न्याय संहितेचं कलम ७८ आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ६६ए मात्र लिहू नका. पालघरच्या दोन मुलींच्या अटकेनंतर गाजलेलं ते कलम २०१५ सालीच रद्द झालं, तरी अर्जांतून अजून डोकावतं.

अर्ज कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येतो, ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करा, पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

पुरावा हाती आला की खुशाल रिपोर्ट करा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. तिथे समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर थांबू नका, असे फोटो पसरण्याआधी रोखणारी स्टॉपएनसीआयआय (StopNCII) ही वेबसाइट वापरा. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो.

बदनामीचा राग शिल्लक असेलच तर वकील गाठा. फौजदारी तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे, मुदत तीन वर्षं. भरपाईच्या दिवाणी दाव्याला मात्र मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष. समोरचा कोण हे माहीत नसलं तरी दावा लावता येतो. आपल्याकडची कोर्टं अशा बेपत्ता प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणतात. खऱ्या अशोक कुमारांनी मनावर घेऊ नये.

कुणावर संशय असेल तर नाव अर्जात ‘संशय आहे’ एवढंच आणि कारणासकट लिहा. स्टेटसला टाकलंत आणि माणूस दुसराच निघाला, तर ३५६ खाली तो तुमच्यावरच तक्रार करू शकतो.