पानातला स्टार्च वर्गात दाखवताना: स्पिरिटपाशी ज्योत नको

उन्हात पानात स्टार्च तयार होतो हे आयोडीनने दाखवायचा हा प्रयोग सातवी-आठवीच्या बहुतेक वर्गांत बाई टेबलावर करतात, मुलं मागून माना उंचावतात आणि निष्कर्ष वहीत आदल्या दिवशीच उतरवलेला असतो. तसंच करायचं असेल तर फळ्यावर चित्र काढा, स्पिरिट वाचेल. करायचाच असेल तर पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला स्वतःचं पान द्या.

कुंडीतली जास्वंद उत्तम. पान फार कोवळं नको, जूनही नको. मनी प्लांटचं जाड, मेणचट पान छळतं. कांद्याची पात तर घेऊच नका, तिच्यात स्टार्च साठतच नाही. शनिवारी शाळा सुटताना कुंडी बंद कपाटात ठेवा, सोमवारी प्रार्थनेआधी बाहेर काढा. तोवर पानांतला जुना साठा संपलेला असतो. पानाच्या दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावा आणि ४ तास कडक ऊन द्या. धडा जुलैत आला तरी प्रयोग दिवाळीनंतर घ्या. ढगाळ दिवशी सगळ्यांचीच पानं सारखी दिसतात, मग आपण नुसतं समजावत बसतो.

पान तोडल्यावर पट्टी काढून ते मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. ही पायरी गाळली तर पुढे हिरवा रंग सुटता सुटत नाही.

खरी कटकट पुढे आहे. पानातलं हरितद्रव्य काढायला गरम स्पिरिट लागतं. ‘परीक्षानळी दिव्यावर धरा’ असं सांगणारे अजून भेटतात आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. पाण्याच्या चंचुपात्रात नळी ठेवा, पण खाली दिवा चालू राहू द्या, हा सल्लाही मला मान्य नाही. स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत पोहोचते, आणि पेटलेल्या स्पिरिटची फिकट निळी ज्योत दिवसाच्या उजेडात धड दिसतही नाही. बारा-तेरा वर्षांची मुलं नळीत वाकून बघणारच, बघावंच त्यांनी. म्हणून ज्योतच नको.

स्पिरिट साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणजे नुकतंच उकळलेलं पाणी पुरेसं आहे, विस्तवाची गरजच नाही. मी क्रम असा ठेवते: पाणी उकळून थर्मासमध्ये भरायचं, शेगडी बंद करायची, वर्गातले सगळे पेटते दिवे विझवायचे, खिडक्या उघडायच्या आणि मगच स्पिरिटच्या बाटलीचं झाकण काढायचं. हा क्रम उलटा झाला तर तास तिथेच थांबवते, कोण बघायला आलं असलं तरी.

रुंद परीक्षानळीत पान गुंडाळून सरकवा आणि पान जेमतेम बुडेल एवढंच स्पिरिट घाला. नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करा, तोंड कुणाच्या चेहऱ्याकडे नको. थोड्याच वेळात बुडबुडे येतात आणि स्पिरिट हिरवं होऊ लागतं. बुडबुडे थांबले की मुलं हमखास ओरडतात, ‘बाई, झालं!’ झालेलं नसतं, पाणी गार झालेलं असतं. ते ओतून थर्मासमधलं ताजं पाणी घ्या. दोन-तीनदा तरी बदलावं लागतं. शिरांच्या कडेला हिरवट झाक उरली असेल तर पान पुन्हा नळीत. ते फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरं व्हायला हवं. इथे घाई केली की आयोडीनचा रंग हिरव्यात मिसळतो आणि काहीच कळत नाही. ज्योत नसली तरीही शेजारी ओला जाड कपडा ठेवा. काही पेटलंच तर झाकायचं, पाणी फेकायचं नाही.

बाहेर काढलेलं पान पापडासारखं कडक झालेलं असतं. चिमट्याने कोमट पाण्यात सोडा, मऊ होईल. मग थंड पाण्यात धुवा. गरम पानावर निळा रंग टिकत नाही आणि मग बिचाऱ्या आयोडीनवर खापर फुटतं.

आता पान पांढऱ्या बशीत पसरा. आयोडीन टाकण्याआधी प्रत्येकाने पानाचं चित्र काढून काळा कुठला भाग होईल ते रंगवायचं, पेनाने, म्हणजे खोडता येत नाही. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पाणी घालून पातळ करा आणि थेंब सोडा. उन्हातला भाग निळा-काळा होतो, पट्टीखालचा नुसता पिवळट-तपकिरी राहतो. १८६०च्या दशकात जर्मनीत ज्युलियस सॅक्स यांनी पानातल्या स्टार्चचा उजेडाशी असलेला संबंध अशाच अर्ध्या झाकलेल्या पानांवर दाखवला होता. एखाद्या गटाचा पट्टा पुसट आला तर शेजारच्या गटाचं पान उसनं घेऊ देऊ नका. पट्टी सैल होती का, पान सावलीत होतं का, त्यांनाच शोधू द्या.

बोटांवरचे डाग व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून पुसले की जातात. हिरवं स्पिरिट मोरीत ओतू नका. बूच लावलेल्या नळीत भरा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च त्यावर मारा. बाजूने बघितलं की ते गडद लाल दिसतं. का, ते पुढच्या तासाला.