सांता फे नदी चढलेली असताना एकटीने गुहेत उतरायचं तर

फ्लोरिडातल्या गिनी स्प्रिंग्ज या झऱ्यांकडे, तिथल्या पाण्याखालच्या गुहेत डायव्हिंगला, निघण्याआधी मी सांता फे नदीची पातळी बघते. नदी चढली की डेव्हिल्स इअर या गुहेच्या तोंडावर टॅनिनचं चहासारखं तपकिरी पाणी पसरतं. आत झऱ्याचं पाणी नितळ असू शकतं. खरा धोका प्रवाहाचा. एरवी तो परतताना बाहेर ढकलतो. चढत्या नदीत तो मंदावतो; अशा काही झऱ्यांत तर उलटा फिरून आत खेचतो. मग एक तृतीयांश हवेचा नियम (एक तृतीयांश हवा संपली की परत फिरायचं) एकटीला अपुरा, मी त्याआधीच वळते. दोन स्वतंत्र सिलिंडर, तीन दिवे आणि उघड्या पाण्यापासून सलग बांधलेली दोरी, कारण गढूळ तोंडाशी तीच हाताने चाचपत बाहेर यायचं असतं. पाणी आत ओढलं जातंय? उतरू नका. गुहेतल्या डायव्हिंगचं पूर्ण प्रशिक्षण नसेल तर कधीच नाही.