गल्लीचा मोठा आकाशकंदील कसा करायचा: पेंटरमामांची पद्धत

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला दरवर्षी दिवाळीत सहा फुटी कंदील लागतो. तो करतात आमचे पेंटरमामा. आयुष्यभर दुकानाच्या पाट्या हाताने रंगवल्या, फ्लेक्स आले तशी कामं कमी झाली, पण कंदील एक वर्षही चुकला नाही. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या हाताखाली दोरा धरून बसतोय, आता निम्मं काम आम्ही पोरंच करतो. मामांनीच सांगितलं की सगळं नीट लिहून ठेव, दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनापण करता आलं पाहिजे.

सुरुवात कधी करायची तर दसरा चौकात सोनं लुटून आलं की दुसऱ्या दिवशी. वसुबारसेपर्यंत पंधरा-सोळा दिवस मिळतात आणि ते सगळे लागतात, कारण प्रत्येकजण आपापलं काम-कॉलेज करून रात्री येणार.

बांबू बुरुडाकडून घ्या, आणि माणगा मागा. कोकणातून येतो, जवळजवळ भरीव असतो, लवतो पण पटकन मोडत नाही. त्याच्या बोटाएवढ्या जाड कामट्या काढून घ्यायच्या, 24 लागतात, दोन-तीन जास्तीच्या असू देत. प्रत्येक कामटी 3 फूट 2 इंच कापायची आणि दोन्ही टोकांपासून एक-एक इंच सोडून पेन्सिलने खूण करायची म्हणजे खुणेपासून खुणेपर्यंत बरोब्बर 3 फूट. सगळी बांधणी या खुणेवरच होते. एखादी कामटी अर्धा इंच जरी चुकली तरी शेवटचा कोपरा जुळत नाही आणि मग सगळं उसवायला लागतं, आम्ही एकदा रात्री दोन वाजता उसवलंय.

आता सांगाडा, हा भाग नीट वाचा. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन करायचे. कोपरे बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घ्या, पंक्चरवाला देतो, सुतळी बांबूवर सरकते पण रबर गच्च धरतं. चौकोन झाला की तो हाताने दाबून बघा, डुलतो, पतंगासारखा तिरका होतो. म्हणून प्रत्येक चौकोनाला आतून दोन्ही कर्णांवर बारीक बाइंडिंग वायर ताणून बांधायची. दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजे कोपरे काटकोनात आले, 3 फुटाच्या चौकोनाला कर्ण साधारण सव्वाचार फूट येतो. नवीन पोरं दरवेळी म्हणतात वायर कशाला, कागद लागल्यावर ताठ होईलच की. नाही होत. त्रिकोण आपली जागा सोडत नाही, चौकोन सोडतो, आणि नुसत्या कामट्यांचा हा सांगाडा उचलला की पिळवटतो.

मग एक चौकोन खाली जमिनीवर ठेवायचा, एक वर येणार, आणि उरलेले चार मधे टोकावर उभे, म्हणजे शंकरपाळीसारखे. उभ्या चौकोनांचं खालचं टोक खालच्या चौकोनाच्या कोपऱ्याला, वरचं टोक वरच्याच्या कोपऱ्याला आणि बाजूची टोकं एकमेकांना बांधायची. एकूण 12 जोड येतात, प्रत्येक जोडात दोन चौकोनांचे कोपरे. हे बांधलं की मधल्या जागेत 8 त्रिकोण आपोआप तयार होतात, वेगळं काही करावं लागत नाही, आणि पहिल्यांदा बघणाऱ्या पोराचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो. उंची सव्वाचार फूट, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 6 फूट. हा आपला घरातला पारंपरिक कंदीलच आहे, फक्त मापं मोठी.

कागदाआधी दिवे. मामांचं एकच म्हणणं असतं, "कागद न्हाई, उजेड दिसाय पायजे." मधोमध वरच्या चौकोनापासून खालच्यापर्यंत एक उभी काठी बांधायची, त्याला चार होल्डर, 9 वॅटचे एलईडी, पिवळसर उजेडाचे. पांढरा बल्ब भगव्या कागदामागे फिका पडतो. बल्ब कागदाजवळ नेऊ नका, तिथं टिकलीसारखा डाग दिसतो आणि बाकी कंदील अंधारा. वीज कोणाच्यातरी घरातल्या मीटरवरून रीतसर घ्या, खांबावर आकडा अजिबात नको. चारही बल्ब रोज सहा तास लावले तरी पाच दिवसांत जेमतेम एक युनिट जातं, त्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. वायरचे जोड टेप मारून वर प्लॅस्टिक गुंडाळा.

चिकटवायला खळ. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, गाठी मोडून मंद आचेवर हलवत राहायचं. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, तेव्हा भांडं वेगळं ठेवा आणि बारकी पोरं खळीत हात घालत असतील तर मोरचूद टाकूच नका.

खालचा चौकोन उघडा ठेवायचा, हवा खेळते आणि बल्ब बदलता येतो. बाकी मिळून 75 चौरस फुटांच्या वर कागद लागतो. पतंगाचाच घ्या, दोन पदर. जिलेटीन चकाकतं खरं, पण आतले बल्ब आरपार दिसतात, उजेड पसरत नाही. चौकोन एका रंगाचे, त्रिकोण दुसऱ्या, बास. कडेने कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या बायका आणि लहान पोरं मिळून एका रविवारी करतात, तो दिवस मला दिवाळीपेक्षा जास्त आवडतो. परतीचा पाऊस आपल्याकडे कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून वरचा चौकोन आणि वरचे चार त्रिकोण यांच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक टोपीसारखं बसवा.

दरवर्षी काहीतरी वेगळं पाहिजे असतं. मामांनी एकदा अंबाबाईच्या किरणोत्सवाची कल्पना काढली. देवळात मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर सरकत मुखापर्यंत येतात, तसे आम्ही बल्ब तीन थरांत लावले आणि रोज एक थर वाढवला. देवीचं चित्र मात्र लावलं नाही, कारण पावसाने कागद सुटून रस्त्यावर पडला तर पायाखाली येतो. मला विचाराल तर तो आमचा सगळ्यात चांगला कंदील.

टांगताना दोरी एका कामटीला बांधू नका. वरच्या चारही कोपऱ्यांना चार नायलॉनच्या दोऱ्या, त्या वर एका कड्यात, कडं कप्पीतल्या दोरावर. दोन बाजूंना बारीक ताण द्या, नाहीतर वाऱ्याने गरगर फिरतो. झिरमिळ्यांचं टोक रस्त्यापासून 18 फुटांच्या खाली नको, टेम्पो जातात, आणि विजेच्या तारांपासून लांबच. परवानगीचं आधी विचारून घ्या, आयत्या वेळी धावपळ होते.

आणि लगेच उतरवू नका. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लावायला सगळी गल्ली जाते, तोपर्यंत आमचा कंदील पेटलेला असतो. घाटावरून आलो की चहा पिऊन उतरवतो. कागद भिजवून सोडवायचा, वायर गुंडाळून ठेवायची, कामट्या पुसून कोरड्या करून बघायच्या, बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसला तर ती कामटी काढून टाकायची. चौकोन सुटे करून त्यांच्यावर नंबर टाका. आमचे सहाही मामांच्या माळ्यावर आहेत, तीन नंबरच्या दोन कामट्या यंदा बदलायच्यात.