यमक शिकवताना चार ओळी आणि दोन रंगीत खडू

मुलांसमोर या ओळी मोठ्या अक्षरात लिहा:

देवाने दिली झाडांना फळे,
पावसात त्याने भिजवले मळे.
त्याचीच आपण सारी लेकरे,
मेंढपाळ तो, आपण कोकरे.

टाळ्या देत दोनदा म्हणवून घ्या. मग फळे-मळे लाल खडूने, लेकरे-कोकरे निळ्याने अधोरेखित करा: ही अअबब रचना, म्हणजे पहिल्या दोन ओळींचं एक यमक, पुढच्या दोन ओळींचं दुसरं. दुसरी-तिसरी ओळ अदलाबदल केली की अबअब तयार. हा बदल मुलांनाच करू द्या, नियम आपोआप कळतो.

मुलं हमखास अडखळतात ती शेवटच्या अक्षरावर. ‘निळे-फळे’मध्ये ‘ळे’ जुळतो, पण आधीचा स्वर इ आणि अ असा वेगळा, म्हणून यमक कच्चं वाटतं. शेवटच्या अक्षराआधीचा स्वरही जुळवायला सांगा.

यमकासाठी देवाविषयी काहीही लिहून चालणार नाही. आधी काय म्हणायचं ते साध्या वाक्यात लिहवून घ्या, शब्द नंतर शोधा.

मोठी मुलं स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, यमक शोधतील. पण मूळ हिब्रू काव्याचा आधार यमक नसून विचारांची जोडी आहे. स्तोत्र 19 ची पहिलीच ओवी पाहा: आधी आकाश, मग अंतराळ, दोन्ही देवाचीच थोरवी सांगतात.